उपग्रहाला पान दिसते, बोंड दिसत नाही



मागल्या हंगामात आमच्या गावच्या चावडीवर पडदा लावून एक कार्यक्रम झाला. तालुक्याहून आलेल्या तरुण साहेबांनी लॅपटॉप उघडला आणि आमचे शिवार आभाळातून कसे दिसते ते दाखवले. नाला दिसला, पांदण दिसली, पारावरचा वड दिसला. वावरे रंगवलेली होती. हिरवे म्हणजे पीक जोमदार, पिवळे म्हणजे बेताचे, तांबडे म्हणजे गेले. लोक खूश झाले, जो तो आपले वावर शोधू लागला. तेवढ्यात मागच्या रांगेतून एक म्हातारा कास्तकार उठला आणि म्हणाला, ‘साहेब, माह्यं वावर तर हिरवंगार दिसून राहिलं. पण ह्याच्यात माह्या बोंडातली अळी दिसते काय?’

सभा हसली. साहेबही हसले. माणूस भला होता, त्याने सरळ सांगून टाकले, ‘नाही बाबा, अळी नाही दिसत.’

म्हाताऱ्याचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. विमा कोणाला मिळावा, मदत कोणाच्या खात्यात जावी, कोणाचा कापूस हमीभावाने घ्यावा, जंगल कोणते आणि शेत कोणते, हे सगळे आता त्या पडद्यावरच्या रंगांवरून ठरू लागले आहे. तेव्हा पडद्यावर काय दिसते आणि काय दिसत नाही, हे साहेबांइतकेच आपल्यालाही कळले पाहिजे. नाहीतर तलाठ्याच्या दप्तराची जागा लॅपटॉपने घेतली, एवढाच काय तो बदल होईल.

२०१७ साल आठवा. विदर्भात, मराठवाड्यात गुलाबी बोंडअळीने कपाशी खाल्ली. सप्टेंबर-ऑक्टोबरात धुऱ्यावर उभे राहून पाहिले तर पऱ्हाटी छातीला लागत होती, पाने हिरवीगार, झाडाला बोंडे लगडलेली. बोंड फोडले की आत अळी, कवडी झालेला कापूस आणि किडलेली सरकी. वेचणीला गेलेल्या बाया रिकामे पोते घेऊन परत आल्या. त्या महिन्यातले उपग्रहाचे चित्र काढून पाहिले तर त्यात उत्तम पिकाचे वावर दिसेल. ज्वारीचेही तेच. कणसात दाणा भरला आणि काढणीच्या तोंडावर पावसाने गाठले, तर दाणा काळा पडतो, व्यापारी हातात घेऊन फेकून देतो. आभाळातून मात्र कडबा उभा दिसतो.

याचे कारण त्या यंत्राच्या कामातच आहे. हिरवे पान सूर्याच्या उजेडातला तांबडा भाग शोषून घेते आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त उजेड परत फेकते. उपग्रह वरून हे दोन्ही मोजतो, त्यांची तुलना करतो आणि पानोळा किती, हिरवेपणा किती याचा आकडा काढतो. म्हणजे तो मोजतो पान. पानावरून पिकाचा अंदाज करतात संगणकापुढे बसलेली माणसे. भात-गव्हात पानोळा आणि दाणा यांचे नाते बऱ्यापैकी सरळ असते. कपाशीत ते तसे नाही, हे ज्याने एकदा तरी माजलेली पऱ्हाटी पाहिली आहे त्याला सांगावे लागत नाही. युरोपचे सेंटिनेल-२ हे उपग्रह २०१५ पासून फिरत आहेत. त्यांची जोडी साधारण दर ५ दिवसांनी आपल्या डोक्यावरून जाते आणि तिची चित्रे जगात कोणालाही फुकट मिळतात. त्या चित्रातला सर्वांत लहान ठिपका १० मीटर लांब, १० मीटर रुंद असतो. १० मीटर म्हणजे जवळजवळ ३३ फूट. आणि ३३ फूट गुणिले ३३ फूट म्हणजे काय? एक गुंठा! इंग्रजांच्या मोजणीतली १६ आण्यांची साखळी ३३ फुटांचीच होती. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद तो गुंठा. दीडशे-दोनशे वर्षांनी आभाळातल्या यंत्राचा ठिपकाही फिरून गुंठ्यावरच आला. एकरात असे ४० ठिपके.

आता आपल्या वावरातला एक गुंठा डोळ्यांपुढे आणा. त्यात कपाशीची आठ-दहा तासे बसतात, मधे तुरीचे एखादे तास असते, कोपऱ्यात घरच्यापुरती ज्वारी असते, आणि धुऱ्याजवळ असेल तर निंबाची सावलीही पडलेली असते. या सगळ्याचा मिळून एक रंग. भरीला श्रावण-भादव्यात आभाळ भरलेले. नेमके जेव्हा पीक पाहायचे, तेव्हा मधे ढग. ढगांतून पाहणारे रडारचे उपग्रह आहेत, पण त्यांना पानाचा हिरवेपणा कळत नाही, पिकाची ठेवण आणि ओल कळते. कोरडवाहू मिश्र पिकाचे वावर आभाळातून वाचणे पंजाबातल्या गव्हाच्या सपाट पट्ट्याइतके सोपे नाही, हे एवढ्यासाठी सांगितले.

मोजणी आणि नकाशा ही काही आपल्याला नवी गोष्ट नाही. १८२०च्या दशकाच्या शेवटी पुणे भागात प्रिंगल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने जमिनीची मोजणी आणि प्रतवारी केली. मातीचे वर्ग पाडले, उत्पन्न काढले, खर्च वजा घातला, सारा ठरवला. कागदावर सगळे शास्त्रशुद्ध. प्रत्यक्षात सारा इतका चढा बसला आणि खालच्या नोकरांनी इतका गोंधळ घातला, की इंदापूरकडच्या रयतेने जमिनी टाकून दिल्या. मग गोल्डस्मिड आणि विंगेट यांना १८३०च्या दशकात पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. प्रिंगलची साखळी चुकली नव्हती. मोजलेल्या जमिनीवर जो राबतो त्याला कोणी विचारले नव्हते, आणि चूक झाली तर ती सांगायला जागा नव्हती.

माझ्या स्वतःच्या धुऱ्याची गोष्ट सांगतो. बारा वर्षांत दोनदा मोजणी झाली, एकदा जुन्या पद्धतीने आणि एकदा नव्या यंत्राने. दोन्ही वेळा फी भरली, दोन्ही वेळा खुणा रोवल्या, आणि दोन खुणांत दीड तासाचा फरक. यंत्र खोटे नव्हते. आजचे रोव्हर यंत्र दोन-चार सेंटिमीटरच्या आत जागा सांगते, त्याच्या तोडीचे साखळीला जमणार नाही. पण ते यंत्र ज्या जुन्या कागदी नकाशावर बसवायचे तो नकाशा घड्या पडलेला, आखडलेला. १:५००० प्रमाणाच्या नकाशावर मिलिमीटरभर चूक झाली तर जमिनीवर ५ मीटर होतात. शेजारी आणि मी दोन वर्षे एकमेकांशी बोललो नाही. शेवटी वाद मिटवला तो दोघांच्याही बापांनी धुऱ्यावरचा म्हणून मानलेल्या एका निंबाने. तो निंब कोणत्याच नकाशात नव्हता.

आता हाच जुना नकाशा मोबाइलमध्ये आला आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. आपले पीक आपणच नोंदवायचे, फोटो काढायचा, आणि जागेची खूण उपग्रहावरून आपोआप पडते. कल्पना वाईट नाही. तलाठी घरबसल्या सगळ्यांच्या सातबाऱ्यावर एकच पीक चढवायचा, ते दिवस आपण विसरलेलो नाही. आपल्या हाताने आपले पीक लिहायचा अधिकार ही मिळकतच आहे. पण वावरात उभे राहून मोबाइल सांगतो की तुम्ही गटाच्या बाहेर आहात, आणि ज्याच्याजवळ तसला मोबाइल नाही तो सुनेच्या माहेरी गेलेल्या पोराची वाट पाहत बसतो. तोवर मुदत संपते.

मुदत संपली तर काय होते? खरीप २०२३ च्या कापूस-सोयाबीनसाठी राज्य सरकारने हेक्टरी ५,००० रुपये, २ हेक्टरच्या मर्यादेत, जाहीर केले आणि यादी केली ई-पीक पाहणीवरून. ज्याने पेरले, निंदले, वेचले, पण फोटो काढला नाही, तो यादीत नाही. ओरड झाल्यावर २०२४ मध्ये ती अट सैल करून सातबाऱ्यावरची नोंद धरावी लागली. पुढे २०२५-२६ च्या हंगामात कापूस महामंडळाने हमीभावाने कापूस विकायचा तर मोबाइलवर आधी नोंदणी करा असे सांगितले, आणि त्यालाही पिकाच्या क्षेत्राचा दाखला लागला. लांब धाग्याचा हमीभाव होता क्विंटलला ८,११० रुपये. म्हणजे फोटो चुकला की क्विंटलमागे काय चुकते, त्याचा हिशेब ज्याने त्या हंगामात खेडा खरेदीत कापूस दिला त्याने करावा.

विम्याचे पाहू. पीक विम्यात एकेकट्या शेतकऱ्याचे पीक मोजत नाहीत, महसूल मंडळाचे मोजतात. मंडळात काही ठिकाणी पीक कापणी प्रयोग करायचे, सरासरी काढायची, ती उंबरठा उत्पादनापेक्षा जितकी कमी तितकी भरपाई सगळ्या मंडळाला सारखी. खरीप २०२५ पासून महाराष्ट्रात एक रुपयाची योजना बंद झाली आणि भरपाईचा सगळा भार या कापणी प्रयोगांतून निघणाऱ्या उत्पादनावर आला. या प्रयोगांत काय चालते ते आपण पाहिले आहे: कोणते वावर निवडले, कोण हजर होते, काटा कोणाचा होता. म्हणून केंद्राने खरीप २०२३ पासून उपग्रहाच्या अंदाजालाही वजन द्यायला सुरुवात केली, पहिल्यांदा भात आणि गव्हात, निदान ३० टक्के. उद्या आणखी पिकांतही हे येणार, हे धरून चाला.

मी याच्या विरोधात नाही, ऐकून घ्या. उपग्रहाला चहा पाजून आकडा बदलता येत नाही, हा त्याचा मोठा गुण आहे. पावसाने खंड दिला, पीक करपले, तर ते त्याला स्वच्छ दिसते. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात नद्यांनी काठची जमीन खरडून नेली, तेव्हा पूर ओसरल्यावर कोणाचे किती वावर वाहून गेले हे दाखवायला आधीचे आणि नंतरचे चित्र शेजारी ठेवणे हाच चोख पुरावा होता. पण ज्या नुकसानीत पान हिरवे राहते आणि माल जातो, त्या नुकसानीत उपग्रहाचे वजन ३० टक्के काय, ३ टक्केही धरता कामा नये. बोंडअळीच्या सालात त्याचा अंदाज सरासरीत मिसळला, तर कापणी प्रयोगात दिसलेले नुकसान कागदावर कमी होईल. फायदा कोणाचा, हे सांगायला हवे काय?

पावसाचेही मंडळवार. राज्यात २,००० वर स्वयंचलित हवामान केंद्रे बसली आहेत, मंडळाला एक. अतिवृष्टी म्हणजे २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस. आणि आपला पाऊस कसा पडतो? नाल्याच्या अलीकडे गुडघाभर पाणी, पलीकडे धूळ उडते. केंद्राच्या छपरावर जेवढे पडले तेवढेच सगळ्या मंडळाचे नशीब.

यंत्र दंड करायला धावते तेव्हा किती चपळ होते, ते पाहायचे तर पंजाब-हरियाणाकडे पाहा. तिथे भाताचे धांडे जाळले की उपग्रहाला आगीचा ठिपका दिसतो. त्या ठिपक्यावरून पथक वावरात जाते. पंजाबात शेतकऱ्याच्या जमिनीच्या नोंदीवर लाल शेरा मारला जातो, दंड होतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने हा दंड दुप्पट केला: २ एकरांच्या आत ५,०००, ५ एकरांपर्यंत १०,००० आणि त्यावर ३०,००० रुपये. दिल्लीची हवा खराब होते ही गोष्ट खरी, तिथल्या लेकरांना खोकला होतो हेही खरे. पण आगीचा ठिपका पाहून पथक निघते ते काही तासांत, आणि वावर करपल्याचा ठिपका पाहून भरपाईचे पथक निघाले असे कोणी ऐकले आहे काय? तोच उपग्रह, तेच आभाळ. दंडाला त्याची साक्ष पुरते आणि भरपाईला मात्र पंचनामा, सहपत्र, तक्रार क्रमांक आणि ७२ तासांची मुदत. आपणही पऱ्हाटीच्या काड्या वावरात जाळतो, तेव्हा हे आपल्या बांधापर्यंत येणारच नाही अशा भ्रमात राहू नका.

जंगलाच्या बाबतीत ही गोष्ट अधिकच गंभीर होते, कारण तिथे प्रश्न एका हंगामाचा नाही, जमिनीचाच आहे. देहरादूनचा भारतीय वन सर्वेक्षण विभाग १९८७ पासून साधारण दर दोन वर्षांनी देशाच्या वनांचा अहवाल काढतो. त्यात वनाच्छादन म्हणजे काय? एक हेक्टर किंवा त्याहून मोठा तुकडा, ज्यात झाडांच्या शेंड्यांची सावली १० टक्क्यांहून जास्त आहे. मालक कोण, झाड कोणते, लावलेले की आपोआप वाढलेले, हे पाहायचे नाही. म्हणजे काटोल-वरुडकडच्या संत्र्याच्या दाट बागा, कोकणातले आंबे-काजू, हे सगळे या व्याख्येत बसू शकते. डिसेंबर २०२४ मध्ये निघालेल्या अहवालात वन आणि वृक्ष मिळून देशाचा २५.१७ टक्के भाग झाडांखाली असल्याचे म्हटले आहे. चांगली गोष्ट. पण त्यात तुमची-आमची बाग आहे, आणि त्या झाडांना पाणी देणाराचे नाव कुठेच नाही. उपग्रहाला झाड दिसते, झाडाचा धनी दिसत नाही.

दुसरीकडे एक सावलीही नसलेले जंगल आहे. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांतल्या भावांना झुडपी जंगल म्हणजे काय ते सांगायला नको. मालगुजारीच्या काळात गावाची गुरे चरायची पडीत, काटेरी झुडपांची जमीन. दप्तरात तिच्यापुढे शब्द लिहिला गेला ‘झुडपी जंगल’. त्या एका शब्दाने पिढ्यान्‌पिढ्या छळले. त्यावर शाळा झाल्या, घरे झाली, स्मशाने झाली, काही ठिकाणी वाहिती झाली. यातली ८६,४०९ हेक्टर जमीन वनासाठी अयोग्य असल्याचे राज्य सरकारच म्हणत होते. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: झुडपी जंगल हे वनच. १२ डिसेंबर १९९६ पर्यंत सक्षम अधिकाऱ्याने दिलेल्या जागांना मोकळीक मिळण्याचा रस्ता ठेवला, त्यानंतरच्यांना केंद्राच्या मंजुरीच्या दारात उभे केले. न्यायालयापुढे कायदा होता, त्याने कायद्याप्रमाणे सांगितले. पण पाहा, संत्र्याची बाग आभाळातून पाहून वन धरता येते आणि उघडा बरड कागद पाहून वन ठरतो. दोन्ही ठिकाणी जमिनीवर उभे राहून पाहणारा कोणी नाही. त्या सहा जिल्ह्यांत आज ज्याच्या ताब्यात अशी जागा आहे, त्याला १९९६ पूर्वीचा ताबा दाखवायचा आहे. त्यासाठी जुनी पावती, जुना आदेश, आणि हो, उपग्रहाचे जुने चित्रही कामी येऊ शकते. अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहांनी १९७२ पासून जमिनीची चित्रे घेतली आहेत आणि २००८ पासून ती कोणालाही फुकट मिळतात. त्यातला ठिपका मोठा असतो, एखादे घर ओळखू येणार नाही, पण नांगरलेली जमीन आणि झुडपी यांतला फरक कळतो. निव्वळ चित्रावर आदेश मिळणार नाही, पण आदेशाच्या कागदाला ते जोड देते.

हे स्वप्नरंजन नव्हे, गुजरातेत झाले आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याप्रमाणे १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जंगलजमीन कसणाऱ्या आदिवासींना पट्टा मिळायचा होता. तिथल्या सरकारने उपग्रहाची चित्रे पुढे करून हजारो दावे फेटाळले. चित्रात शेत दिसत नाही, सबब शेत नव्हते! नर्मदा जिल्ह्यात काम करणाऱ्या आर्च-वाहिनी या संस्थेच्या लोकांनी काय केले? उपग्रह मुर्दाबाद म्हणून मोर्चा काढून ते थांबले नाहीत. गावातल्याच पोरांना हातात धरायचे जीपीएस यंत्र शिकवले. पोरांनी प्रत्येक दाव्याच्या जमिनीला फेरी मारली, हद्द नोंदली, आणि ती हद्द जुन्या उपग्रह-चित्रांवर ठेवली. ज्या चित्रांनी दावे बुडवले, त्याच प्रकारच्या चित्रांत शेते दिसू लागली. प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि २०१३ मध्ये फेटाळलेल्या दाव्यांचा फेरविचार करण्याचा आदेश झाला. आपल्या गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावानेही २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला, तो गावाला आपल्या जंगलाची शीव पायाखालची होती म्हणून.

या सगळ्यात माझ्या मते सर्वांत मोलाची गोष्ट एका नियमात आहे, आणि कपाशीवाल्यांनी ती पाठ करावी. वनहक्क कायद्याच्या नियमांत २०१२ मध्ये दुरुस्ती झाली. तीत म्हटले आहे, की उपग्रहाची चित्रे आणि इतर तंत्रज्ञान हे दुसऱ्या पुराव्यांना पूरक धरावे, त्यांच्या जागी बसवू नये. म्हणजे चित्र आणा, पण ते आणले म्हणून म्हाताऱ्या माणसाची साक्ष, जुना बांध, विहीर, दंडाची पावती हे पुरावे रद्द होत नाहीत. हा नियम जंगलात आहे. पीक विम्यात का नाही? ई-पीक पाहणीत का नाही? आदिवासी भावांनी लढून मिळवलेले हे कलम काळ्या मातीतल्या शेतकऱ्याने मागून घेतले पाहिजे. बोंडअळीच्या सालात उपग्रह काहीही म्हणो, गावाने पाच जागच्या पऱ्हाटीची बोंडे फोडून केलेला पंचनामा त्याच्या बरोबरीने धरला गेला पाहिजे.

नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने जाहीर केले, की खरीप २०२६ पासून जंगली जनावरांनी केलेले नुकसानही पीक विम्यात घेता येईल. नुकसान झाल्यापासून ७२ तासांत जागेची खूण पडलेला फोटो पाठवायचा. रोही आणि रानडुक्कर रात्री येतात, फोटोसाठी थांबत नाहीत, हा भाग सोडा. कोणती जनावरे आणि कोणते भाग ते राज्याने ठरवायचे आहे. ते भाग ठरताना वन खात्याच्या नकाशातली जंगलाची रेघ धरतील आणि तिच्यापासून दूर आहात म्हणतील. डुकराला ती रेघ माहीत नाही. तेव्हा आतापासून प्रत्येक गावाने आपल्या शिवारात जनावर कोणत्या बाजूने येते, कोणत्या वावरात कितीदा आले, हे तारखेसह नकाशावर मांडून ठेवावे. नंतर वाद घालण्यापेक्षा ते सोपे.

काही मंडळी म्हणतील, हा सगळा शिकल्या-सवरल्यांचा खेळ, आपण कुठे यात पडता? मला हे पटत नाही. नकाशा अवघड होता म्हणून आपल्यापासून दूर राहिलेला नाही, तो दूर ठेवला गेला होता. या देशात परवानगीशिवाय नेमका नकाशा करायचीही सोय नव्हती. १५ फेब्रुवारी २०२१ रोजी केंद्राने ती बंधने काढली. भारतीय माणसाने, भारतीय संस्थेने आपल्या जमिनीचा नकाशा करायला आता कोणाच्या शिक्क्याची गरज नाही. इतकी वर्षे ज्या दाराला कुलूप होते ते उघडले, आणि आत शिरल्या त्या विमा कंपन्या, खत-बियाण्याच्या कंपन्या, कर्ज देणाऱ्या संस्था. त्यांच्याजवळ आज तुमच्या वावराची दहा वर्षांची कुंडली असू शकते. कोणत्या साली पीक करपले, किती दिवस पडीत राहिले, सगळे. तुमच्याजवळ आहे काय? नागपुरात माती आणि जमीन-वापराच्या नकाशांचे राष्ट्रीय कार्यालय १९७६ पासून आहे, राज्याचे सुदूर संवेदन केंद्रही तिथेच, १९८८ पासून. कापसाच्या ऐन मुलखात बसलेल्या या दोन संस्थांचा आपल्या मातीचा नकाशा किती कास्तकारांनी हातात धरून पाहिला असेल?

आणि नकाशा केवळ भांडणासाठी नको. कोरडवाहूला पाणी म्हणजे पडेल तेवढेच. उताराला आडवी पेरणी केली तर पाणी मुरते, उताराच्या दिशेने केली तर मातीसकट नाल्यात जाते, हे आजोबांनाही ठाऊक होते. पण उतार डोळ्यांना फसवतो. पाच एकरांत कुठे फूटभर चढ, कुठे खोलगट, हे फुकट मिळणाऱ्या ३० मीटरच्या उंचीच्या नकाशात सापडत नाही. त्याला रोव्हर किंवा ड्रोन लागतो. एका शेतकऱ्याला ते परवडणार नाही, सगळ्या शिवाराचे एकदा करून घेतले तर एकरी खर्च बराच खाली येतो, आणि समतल रेषा एकदा आखली की ती पुढे कामी येत राहते. ज्यांच्या वावरात एका टोकाला काळी भारी आणि दुसऱ्या टोकाला बरड आहे, त्यांनी सेंटिनेलच्या चित्रात ऑक्टोबरचा रंग तीन-चार वर्षांचा एकत्र पाहिला, तर खत कुठे टाकायचे आणि कुठे टाकून वाया घालवायचे नाही, ते आपोआप समजेल. बहुतेकांना ते पायांनीच समजलेले असते. पण बँकेला आणि मंडळाला पायांची भाषा कळत नाही.

तेव्हा पुढच्या जिल्हा बैठकीत या विषयाला स्वतंत्र वेळ ठेवावा अशी माझी सूचना आहे. उपग्रहाच्या किंवा मोबाइलच्या नकाशावरून शेतकऱ्याविरुद्ध जो निर्णय होईल, त्या चित्राची तारखेसह प्रत शेतकऱ्याला फुकट मिळाली पाहिजे, आणि त्यावर हरकत घेऊन वावरात समक्ष पाहणी मागण्याची मुदत मिळाली पाहिजे, असा ठराव आपण करावा. उपग्रह करपलेले वावर दाखवत असेल तर शेतकऱ्याच्या तक्रारीची वाट न पाहता पाहणी सुरू व्हावी, हेही त्याच ठरावात हवे. आणि कपाशीत पानोळ्यावरून उत्पादन काढायचे असेल, तर आधी २०१७ सालच्या आपल्या जिल्ह्यावर ते करून दाखवा, असे आव्हान विमा कंपन्यांना आणि कृषी खात्याला द्यावे. त्या वर्षीची चित्रे अजून जपून ठेवलेली आहेत, आणि आपल्या वेचणीचे हिशेबही वहीत आहेत.

बैठकीला येताना प्रत्येक गावाने आपला गाव-नकाशा, तीन-चार गटांचे सातबारे, त्यांवरच्या पीक-नोंदी आणि २०१७ च्या कापूस विक्रीच्या पट्ट्या असतील तर त्या आणाव्यात. ज्याच्या घरात संगणक शिकलेली पोर किंवा पोरगा आहे त्याने त्यांना सोबत आणावे. क्यूजीआयएस नावाचे नकाशाचे सॉफ्टवेअर फुकट मिळते. सेंटिनेलचे चित्र उतरवून त्यावर आपल्या गटाची हद्द कशी ठेवायची, ते दुपारच्या जेवणानंतर एका खोलीत बसून करून पाहू. पहिल्यांदा हद्द सरकलेली दिसेल. घाबरू नका, धुऱ्यावरचा निंब शोधा आणि तिथून मोजायला लागा.